मामाचं मैदान, भाचीचं संकुल

वाडिया पार्कावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नावर माझ्या सासरी दोन तट आहेत. एका तटात बायकोचे मामा. शहरातल्या एका शाळेत त्यांनी उभी हयात पी.टी. शिकवली, खो-खोचे संघ बांधले, आणि निवृत्तीनंतरही शिट्टी खिशातून काढलेली नाही. दुसऱ्या तटात माझी बायको. शाळेत असताना ती आठशे मीटर पळायची. आता पुण्यात आर्किटेक्ट आहे आणि शाळा-कॉलेजांच्या मैदानांचे आराखडे काढते. मी जावई. जावयाला मत विचारतात ते रीत म्हणून, हे मला पहिल्याच दिवाळसणाला कळलं. त्यामुळे यंदा वाद पेटला तेव्हा मी फराळाच्या ताटाशी बसून गुमान ऐकलं आणि जमेल तसं टिपून घेतलं.

बाहेरगावच्या वाचकासाठी चार गोष्टी सांगायला हव्यात. माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर उतरलेला माणूस वाडिया पार्कला चालत जाऊ शकतो. नाव पार्क असलं तरी हे जिल्हा क्रीडा संकुल आहे. मोठं मैदान, प्रेक्षकांच्या पायऱ्या, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय, आणि आवारात महात्मा गांधींचा पुतळा. गावात कुणाला निषेध करायचा असला की पावलं आधी या पुतळ्याकडे वळतात. मैदान शहराच्या मध्यात असलं तरी महापालिकेचं नाही. जिल्हा संकुलाचा कारभार जिल्ह्याची क्रीडा संकुल समिती बघते. आणि जिल्हा केवढा? चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, क्षेत्रफळात राज्यात पहिला. अकोल्याच्या डोंगरातल्या पोराचा नगरला यायला निम्मा दिवस जातो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. मामा अर्जावर अहिल्यानगर लिहितात आणि बोलताना नगर म्हणतात. मीही तेच करतो आहे.

ठिणगी पडली ती भाचीच्या एका साध्या वाक्यानं. ती म्हणाली, या मैदानाला नीट कुंपण घालून, पास देऊन, वेळा ठरवून दिल्या पाहिजेत.

मामा : पास? म्हणजे पहाटे पाचला शेवगावहून, पाथर्डीहून येऊन इथं खोलीवर राहणारी भरतीची पोरं फाटकावर पैसे मोजणार? चार जणांत एक खोली, डबा एकवेळचा. त्यांच्याकडून तू पाससाठी पैसे घेणार?

भाची : मामा, त्याच पोरांसाठी म्हणतेय. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं. वीस गुणांपैकी वीस हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंद. बरोबर?

मामा : बरोबर. १०० मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. एकूण पन्नास.

भाची : म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत. आता सांगा, पोरं ज्या वाटेनं गोल पळतात ती चारशे मीटर आहे, हे कोणी मोजलंय? ट्रॅकची पहिली लेन आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजतात. एक लेन १ मीटर २२ सेंटिमीटरची. तिसऱ्या लेनमधून पळालात तर फेरीला जवळजवळ पंधरा मीटर जास्त होतात, चार फेऱ्यांत साठ. उलट वळण आतून कापलं आणि फेरी दहा मीटरनं कमी भरली, तर चार फेऱ्यांत चाळीस मीटर वाचले. त्या वेगानं चाळीस मीटर म्हणजे पावणेआठ सेकंद. पोरगं सहा महिने मोबाईलवर पाच-दहा बघून खूश, आणि भरतीच्या दिवशी मोजलेल्या ट्रॅकवर पाच-अठरा. गुण गेले. मोफत मैदानानं त्याला काय दिलं?

मामा जरा वेळ गप्प झाले. मी तेवढ्यात चकली घेतली. हा हिशेब मला नवीन होता, आणि तो बिनतोड आहे असं माझं मत झालं. पण पी.टी.चे मास्तर हिशेबाला हिशेबानं उत्तर देत नाहीत.

मामा : फेरी मोजायला टेप लागतो आणि फक्की लागते. दोन माणसं, एक सकाळ. मी शाळेच्या मैदानावर दर पंधरवड्याला आखून घ्यायचो. त्याला कुंपण कशाला? तू एका टेपच्या कामासाठी अख्खा गाव बाहेर काढतेस.

भाची : आखलेली फक्की किती तास टिकते? संध्याकाळी टेनिस बॉलवाले आले की पुसली. मधे पीच, चारी बाजूला फिल्डर, आणि बाहेरून पळणारी मुलं मान वाकडी करून चेंडू बघत पळतात.

मामा : मग खेळू नये पोरांनी?

भाची : खेळावं, पण भूमिती बदलत नाही ना. चारशे मीटरच्या ट्रॅकच्या आत जागा उरते साधारण ७३ मीटर रुंद. फुटबॉलचं मैदान त्यात बसतं, १०५ बाय ६८. क्रिकेट बसत नाही. मोठ्या सामन्याला सीमारेषा मधल्या खेळपट्टीपासून किमान ५९ मीटरवर लागते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ११८. ट्रॅक त्याच्या पोटात जातो. बहुउद्देशीय म्हणून एकाच मैदानावर दोन्ही लिहिलं, की कागदावर दोन खेळ दिसतात आणि जमिनीवर एक उरतो. आणि उरतो तो कुठला, ते आपल्या देशात सांगायला नको.

मामा : हे मात्र खरं बोललीस. क्रिकेटनं माझे तीन खो-खोपटू नेले. तिघंही पुढं बाराव्या नंबरला पाणी द्यायला उभे.

इथं एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. मामा क्रिकेटचा राग राग करतात, पण झहीर खानचं नाव निघालं की छाती पुढे काढतात. झहीर श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मला. नगरच्या कुठल्याही क्रीडा-उद्घाटनात ही दोन नावं घेतल्याशिवाय भाषण संपत नाही. भाचीनं नेमकी तीच काढली.

भाची : झहीरला सतराव्या वर्षी मुंबई गाठावी लागली. रहाणे लहानाचा मोठा झाला डोंबिवलीत. दोघांपैकी एकालाही आपण घडवलं नाही, मामा. आपण फक्त जन्मदाखला दिला.

मामा : झहीर सतरा वर्षांचा होईस्तोवर कुठं बॉल टाकत होता? हवेत? श्रीरामपूरच्या मैदानातच ना? तो मुंबईला गेला तो चांगल्या मैदानासाठी नव्हे, चांगल्या फलंदाजांसाठी. तिथं रोज सामना मिळतो, निवड समितीचा माणूस झाडाखाली बसलेला असतो. तू इथं लंडनचं लॉर्ड्‌स आणून ठेव, समोर कोण खेळणार ते आधी सांग.

भाची : म्हणजे सोयी करूच नयेत?

मामा : कराव्यात. पण सोय केली की खेळाडू होतो, हा हिशेब चुकीचा. कबड्डीला काय लागतं? १३ बाय १० मीटर जागा. आपल्या जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारनं २०२४ च्या १ मार्चला पुणेरी पलटणला प्रो कबड्डी जिंकून दिली, कप्तान म्हणून. त्याच्या आधी हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो होता. आणि त्याच मार्चमध्ये राष्ट्रीय कबड्डी याच वाडिया पार्कात झाली. गर्दी कुठून आली? खेड्याखेड्यातून, जिथं पोरं देवळापुढच्या पटांगणात कबड्डी खेळतात.

भाची : आणि अविनाश साबळे?

मामा : त्याचं काय? तो बीडचा.

भाची : आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आष्टीचा माणूस बाजाराला, दवाखान्याला नगरलाच येतो, त्याला परका म्हणू नका. मांडव्यापासून शाळेपर्यंत तो पळतच जायचा, तुमच्या उघड्या रानात. पण ३००० मीटर स्टीपलचेस तिथं शिकता येत नाही. पुरुषांचा अडथळा ९१ सेंटिमीटरचा, पुढं पाण्याचा खड्डा, एका पायावर चढून दुसरा पाय पाण्यात. हे त्याला सैन्यात गेल्यावर मिळालं. २०२२ ला बर्मिंगहॅमला रौप्य, सोन्यापासून पाच शतांश सेकंद मागे. पाच शतांश! आपल्याकडं फेरी दहा मीटरनं चुकते आणि आपण म्हणतो, चालतंय की.

मामांनी यावर उत्तर दिलं नाही, चहा मागवला. साबळेच्या त्या शर्यतीची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, ती मामांना पाठ आहे. मीच त्यांच्या तोंडून आधी ऐकली होती. पण वादात आपल्याच देवाची मूर्ती समोरच्यानं पुढं केली की माणसाची पंचाईत होते.

चहा आला तेव्हा विषय पैशावर गेला होता. पैशाचा विषय निघाला की मामांचा आवाज चढतो, भाचीचा उतरतो. ती ठेकेदारांशी बोलायच्या आवाजात बोलायला लागते.

भाची : सरकारनं २०२२ मध्ये अनुदानाची मर्यादा वाढवली. तालुका संकुलाला एकाचे पाच कोटी, जिल्हा संकुलाला आठाचे पंचवीस, विभागीयला चोविसाचे पन्नास. हे बांधायला. सांभाळायचं कशातून? माळी, पाणी, वीज, रखवालदार, गवत कापायचं यंत्र, त्याचं डिझेल. त्याला फीतकापू कार्यक्रम नसतो, म्हणून पैसेही नसतात. संकुलानं स्वतःचं उत्पन्न उभं करावं, अशी अपेक्षा असते.

मामा : उत्पन्न! म्हणजे गाळे. वाडिया पार्कातल्या गाळ्यांचं पुराण तुला सांगू का? वर्षानुवर्षं वाद, कोर्टकचेऱ्या. पोरं पळायला आली की आधी दुकानं दिसायची, मग मैदान. घरखर्च भागवायला घराचा ओटा विकायचा, मग बसायला ओटा नाही म्हणून बोंब मारायची, अशातली गत.

भाची : गाळे नकोत, मान्य. मग मला दुसरा मार्ग सांगा.

मामा : सरकारनं द्यावेत. रस्त्यावर चालायला पास आहे का? मैदान तसंच.

भाची : रस्त्यावर खड्डे आहेत, मामा.

(हा वार मला आवडला. जावई असल्यानं हसता आलं नाही.)

मामा : आणि पाणी? तुझ्या आराखड्यात हिरवळ असणार. हे नगर आहे बाई, पर्जन्यछायेतलं. मुळा धरणातून पाणी येतं ते पिण्याचं. मार्चपासून पुढं गवताला टँकर लावशील, तर शेजारच्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन फाटकावर बसतील. आणि त्यांचं बरोबर असेल. निजामशाहीत वडगाव-कापूरवाडीहून खापरी नळांनी पाणी आणलं होतं, तेव्हाचे सुलतान बागांना पाणी पाजत होते. आता कलेक्टर पाजू शकत नाही.

भाची : म्हणून मी हिरवळ म्हटलंच नाही. मुरूम नीट दाबून, उतार काढून, पावसाचं पाणी दोन तासांत बाहेर जाईल अशी चर. ट्रॅकला आठ लेन नकोत, सहा चालतील. तुम्ही माझा आराखडा न बघताच नापास केलात.

मामा : मग तू आधी सांगायचं ना!

इथवर बायको संकुलवाली आणि मामा गावमैदानवाले, अशी वाटणी सरळ होती. पुढं ती उलटली. निमित्त महाराष्ट्र केसरीचं. २०२५ च्या जानेवारीअखेरीस वाडिया पार्कात ६७वी महाराष्ट्र केसरी भरली आणि २ फेब्रुवारीला संपली. मामा रोज गेले होते. विजय चौधरीनं २०१४ साली आपल्या तीन गदांपैकी पहिली घेतली तीही नगरलाच, आणि ती कुस्ती त्यांनी आतापर्यंत दहा वेळा तरी सांगितली असेल.

मामा : हे बघ, हौद कसा करतात ते तुझ्या पुण्याच्या पोरांनी पाहिलंय का? लाल माती चाळून घ्यायची. तिच्यात हळद, तेल, लिंबू, ताक, कापूर. मग खोऱ्यानं वरखाली करत राहायचं, ढेकूळ राहता कामा नये. हातात घेतली की मुठीचा ठसा उठला पाहिजे आणि बोट लावलं की सुटली पाहिजे. पैलवान आत उतरताना आधी ती कपाळाला लावतो. माझी पाचवीतली पोरं आ वासून बघत होती. ती एका दिवसात जे शिकली ते तुझा ट्रॅक दहा वर्षांत शिकवणार नाही.

भाची : मातीच्या हौदाबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझा प्रश्न मांडवाचा आहे. कुठल्याही मैदानावर एवढा मोठा मांडव पडला की खांबांना खड्डे, ट्रकच्या चाकोऱ्या, खुर्च्या, जेवणावळी, जनरेटर. स्पर्धा पाच दिवस, पण आधी पंधरा आणि नंतर किती ते देव जाणे. तेवढे दिवस पळणारी पोरं कुठं जातात? तुम्ही म्हणता मैदान गोरगरिबाचं. मग सगळ्यात आधी ते बंद कोणासाठी होतं? व्हीआयपी कक्षासाठी.

मामा : कुस्ती गोरगरिबाचीच आहे!

भाची : कुस्ती आहे. मांडव नाही.

मामा : आणि कुस्ती वाडिया पार्कात नाही तर कुठं ठेवायची? वर्षातनं एकदा गाव एका ठिकाणी जमतं.

भाची : शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबाग बांधलं, १९१२ साली पुरं झालं. एका खेळासाठी एक जागा. हौद खाली, बसायच्या पायऱ्या चहूबाजूंनी चढत्या, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. शंभर वर्षांहून जास्त झाली, तिथं मांडव घालावा लागत नाही. आपण मात्र दर वेळी नवा मांडव, नवी फ्लेक्स, आणि नंतर नवे खड्डे.

त्या फेब्रुवारीच्या स्पर्धेत काय घडलं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. गादीवरच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळकडून हरलेला शिवराज राक्षे पंचांवर धावून गेला. मग माती गटातून आलेला महेंद्र गायकवाड अंतिम कुस्ती पुरी न करताच बाहेर पडला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि राक्षे-गायकवाड दोघांवर कुस्तीगीर संघानं तीन वर्षांची बंदी घातली. पुढच्याच महिन्यात याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसऱ्या संघटनेनं आणखी एक महाराष्ट्र केसरी घेतली. ती वेताळ शेळकेनं जिंकली. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी, हा विक्रम कोणाच्या नावावर लिहायचा ते मला कळलेलं नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, जेवा आता. भाची मात्र म्हणाली, मैदानाचा वाद मिटत नाही त्याचं कारण हेच: भांडतात मोठे, आणि मैदानावर नाव लागतं कुस्तीचं.

मग ती उठली, खिडकीशी गेली, आणि आतापर्यंत न सांगितलेलं बोलली.

भाची : मामा, तुम्ही उघडं मैदान, उघडं मैदान म्हणता. ते कोणासाठी उघडं? आठवीत मी जिल्हा स्पर्धेच्या तयारीला एका तालुक्याच्या मैदानावर जायचे. नाव घेत नाही. पहाटे अंधार. दिवे होते, लागत नव्हते. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, चावी शिपायाकडं, शिपाई आठला यायचा. मी घरून निघताना पाणी प्यायचे नाही. पाळी असेल त्या दिवशी जायचेच नाही. महिन्यातले चार-पाच दिवस सरावच बंद. कठड्यावर मुलं बसलेली असायची. काही करायची नाहीत, नुसती बोलायची. माझी मैत्रीण लांब उडीत माझ्याहून कितीतरी चांगली होती. तिनं दोन महिन्यांत सोडलं. फाटक सताड उघडं होतं, मामा. कोणी तिला अडवलं नव्हतं.

मामा : मला का नाही सांगितलंस?

भाची : सांगितलं असतं तर तुम्ही त्या मुलांना पिटलं असतं आणि आईनं माझं पळणं बंद केलं असतं.

मामांचा कप हातातच राहिला. नंतर ते बोलले ते मास्तरांच्या आवाजात नव्हे.

मामा : वाडिया पार्कात तू पळायचीस तेव्हा मी पायऱ्यांवर बसायचो, आठवतं? मी एकटा नव्हतो. पाच-सहा बायका चालायला यायच्या, भिशी मंडळातल्या. त्यांना मी म्हटलं होतं, पोरगी पळतेय, लक्ष ठेवा. त्या चालताना गप्पा मारायच्या आणि तुझ्यावर नजर ठेवायच्या. माणसं असली की मैदान राखलं जातं. तू पास लावलास तर पहिल्या त्या बायका यायच्या बंद होतील. त्यांच्या घरातून चालायला कोण पैसे देणार? मग तुझं कुंपण असेल, दिवे असतील, आणि आत चिटपाखरू नसेल. तिथं कोणती पोरगी एकटी जाईल?

भाची : म्हणजे माझं पळणं भिशी मंडळाच्या मेहेरबानीवर. त्या आल्या तर मी पळणार. लग्नसराईत त्या आल्या नाहीत की मी घरी. मामा, मला कोणाची नजर नकोय. मला दिवा हवाय आणि कुलूप नसलेलं दार हवंय.

मामा : दोन्ही हवं.

भाची : दोन्ही हवं, हे मान्य. पण बायका मोफत येतात, आणि दिव्याचं बिल येतं.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मामांचं निदान बरोबर आहे आणि औषध भाचीकडं आहे. श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडनं २०२५ च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरी जिंकली. तिला तालमीसाठी आळंदी गाठावी लागली. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला, त्याला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीनं घेतलं म्हणून पॅरिसचं कांस्य आलं. म्हणजे पोरांना घडवणारी शिस्तीची जागा कुठं ना कुठं लागतेच. पण ती आपल्या गावापासून लांब असली की तिथवर पोचतात ती मुलं, ज्यांचे आईबाप पाठवू शकतात, आणि मुलींच्या बाबतीत, जे पाठवायला तयार असतात. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलं, उत्तम बांधलं. पण ते तेव्हा पुण्याच्या बाहेर होतं, आणि संध्याकाळी सहज पायी जावं असं ते पुणेकराचं मैदान कधी झालं नाही. दादरचं शिवाजी पार्क त्याच्या उलट. तिथं सगळं एकमेकांत मिसळलेलं: नेट्स, सभा, मल्लखांब, कट्ट्यावरचे म्हातारे. वाडिया पार्कचं भाग्य असं की ते शिवाजी पार्कासारखं गावाच्या मध्यात आहे, आणि जबाबदारी बालेवाडीसारखी, अख्ख्या जिल्ह्याची. या दोन्हींची मोट बांधायची तर भांडण जागेचं नाही, घड्याळाचं आहे, असं मला वाटतं.

कोणी विचारलं नाही. पण थोड्या वेळानं दोघं त्याच रस्त्याला लागलेली दिसली. मामींनी आणून दिलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर भाचीनं रेघा मारायला घेतल्या.

भाची : पहाटे पाच ते आठ. आतल्या दोन लेन फक्त पळणाऱ्यांना. मोजलेल्या, पक्क्या. चालणारे सगळे बाहेरून. मोफत.

मामा : मोफत?

भाची : चालणारे आणि भरतीवाले मोफत. तुमच्या भिशी मंडळासकट. पैसे घ्यायचे ते बॅडमिंटन, टेनिस, जलतरण, जिथं मुळात फी देणारा माणूस येतो तिथं. आणि मांडवाकडून, भरपूर. आधी अनामत रक्कम, मैदान होतं तसं करून दिलं की परत. नाही दिलं तर जप्त.

मामा : आणि मांडव पडला त्या दिवसांत पोरं कुठं पळणार?

भाची : परवानगीच्या कागदातच लिहायचं. मांडव ट्रॅकला शिवणार नाही. मधल्या मैदानात काय करायचं ते करा.

मामा : हे चालेल. संध्याकाळ?

भाची : चार ते सहा शाळा आणि क्लब, कबड्डी, खो-खो, फुटबॉल आळीपाळीनं. सहा ते आठ दिव्याखाली मुली.

मामा : फक्त मुली? मुलांनी कुठं जायचं?

भाची : बाकीचे बावीस तास त्यांचेच आहेत की.

मामांनी पत्रिका उलटी करून नवरदेवाचं नाव वाचलं, परत सुलटी केली.

मामा : क्रिकेट कुठाय?

भाची : रविवारी. दुपारनंतर.

मामा : नगरची पोरं रविवारी दुपारी बाराच्या आधी मैदान सोडत नाहीत, हे तुझ्या कागदाला कोण सांगणार? बरं, समज, लावलं तुझं वेळापत्रक. दर महिन्याचा जमाखर्च फाटकावर फळ्यावर लिहायचा, हे माझं एक कलम त्यात घाल. कोणी किती भाडं दिलं, दिव्याला किती गेलं, कोणाची अनामत जप्त झाली. मोठ्या अक्षरात. गांधींच्या पुतळ्याजवळ लाव, म्हणजे उपोषणाला बसलेली माणसं रिकाम्या वेळेत वाचतील.

भाची : घातलं. हे माझ्याहून चांगलं आहे.

मामा : पण पाळणार कोण? पहाटे पाचला फाटकावर उभं राहून, तू इकडं, तू तिकडं, हे सांगायचं कोणी? मी आता नाही राहत, गुडघे गेले.

भाची : माणूस नेमायचा. एक बाई आणि एक पुरुष. पगारी.

मामा : पगार कुठून?

भाची : सांगितलं ना. मांडवाच्या भाड्यातून.

मामा : म्हणजे मांडव लागणारच की!